मंडळीचे द्रव्य आणि न्यायासन

अभ्यासाचा पाठ

शास्त्रभाग : एज्रा ८:२४-३४, २ राजे १२:४-१५, १ करिंथ ६:१-८, २ करिंथ ८:१६-२१.

मंडळीच्या पैशावरून वाद उत्पन्न झाला म्हणजे दोन प्रकारचे लोक पुढे येतात. एक म्हणतात, "हे प्रकरण झाकून ठेवा, बाहेर गेले तर प्रभूच्या नावाची निंदा होईल." दुसरे म्हणतात, "उद्याच तालुक्यास जाऊन फिर्याद ठोकतो. मग पाहू कोण पंच राहतो." पहिल्यांच्या बोलण्यात भक्ति दिसते व दुसऱ्यांच्या बोलण्यात न्यायाची आवड दिसते. परंतु पुष्कळदा पहिल्यांच्या मनात भय असते आणि दुसऱ्यांच्या मनात जुने वैर असते. ह्या दोहोंमध्ये सापडून बिचारी मंडळी दुभंगते, उपासना ओस पडते, आणि ज्या पैशासाठी भांडण झाले तो पैसा वकिलांच्या फीत व एस.टी.च्या भाड्यात संपून जातो. म्हणून ह्या आठवड्याच्या पाठात आम्ही तीन गोष्टींचा विचार करू. मंडळीचे द्रव्य कोणाचे? ते भलत्या कामी लागल्यास कायदा काय म्हणतो? आणि ख्रिस्ती मनुष्याने त्यासाठी न्यायासनापुढे जावे काय?

१. द्रव्य कोणाचे?

एज्रा बाबेलाहून यरुशलेमेस निघाला तेव्हा त्याच्याजवळ मंदिरासाठी दिलेले पुष्कळ सोने, रुपे व पात्रे होती. वाटेत लुटारूंचे भय होते, तरी राजाजवळ शिपाई मागण्याची त्याला लाज वाटली. कारण देव आपले रक्षण करील असे त्याने राजास सांगितले होते. असा हा विश्वासाचा मनुष्य! परंतु ते द्रव्य त्याने कोणाच्या हाती कसे दिले हे नीट पाहा. त्याने बारा मुख्य याजक निवडले व त्यांच्यासमोर प्रत्येक वस्तू वजन करून दिली. यरुशलेमेस पोहोचल्यावर चौथ्या दिवशी तेच द्रव्य मंदिरात पुन्हा तोलण्यात आले, आणि एकूण वजन लिहून ठेवण्यात आले. ज्या मनुष्याने देवावर भरवसा ठेवून शिपाई नाकारले, त्याने तराजू मात्र नाकारला नाही. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे आमच्यातील काही बंधु म्हणतात. त्यांनी हा अध्याय पुनःपुन्हा वाचावा.

एज्राला ठाऊक होते की ते रुपे त्याचे नव्हे, याजकांचेही नव्हे. देणाऱ्यांनी ते एका विशिष्ट कामासाठी दिले होते आणि ते त्या कामास पोहोचेपर्यंत वाहणारा केवळ राखणदार होता. हीच गोष्ट आपल्या मंडळ्यांस लागू आहे. सुगीच्या उपासनेत आणलेली ज्वारी, लिलावात विकलेली कोंबडी, बहिणींनी रोजच्या स्वयंपाकातून बाजूला काढलेले मूठभर धान्य, मजुरीच्या पैशांतून दिलेला दशांश, हे सर्व पेटीत पडले म्हणजे पंचांचे होत नाही, पाळकांचे होत नाही, खजिनदाराचे तर मुळीच होत नाही. देणाऱ्याने ते देवाला वाहिले आणि अमुक कामी लावा असे सांगून मंडळीच्या हाती सोपविले. त्या सांगण्यास बांधील राहणे ह्यालाच विश्वासूपणा म्हणतात.

समजा, एका लहान मंडळीने प्रार्थनामंदिराच्या छपरासाठी म्हणून ४०,००० रुपये जमविले. इतक्यात उपदेशकांच्या घरी दुखणे आले. पंचांना दया आली व त्यांनी त्या रकमेतून १५,००० रुपये गुपचूप उपदेशकांस दिले. काम चांगले की वाईट? दुखणाइताला साहाय्य करणे चांगलेच. परंतु पैसा छपराचा होता, आणि देणाऱ्यांस कोणी विचारले नाही. पुढे पावसाळा आला, छप्पर गळू लागले, आणि लोक विचारू लागले तेव्हा पंच एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. पहिल्याच दिवशी सभा बोलावून, उसने म्हणून वहीत लिहून, परतफेडीची तारीख ठरविली असती तर तीच दया निष्कलंक राहिली असती. दोष दयेत नव्हता. तो लपविण्यात होता, आणि दुसऱ्याच्या दानावर आपली दया चालविण्यात होता.

२. सिंगापूर येथील खटला

हे आम्ही लहान मंडळीचे उदाहरण कल्पून सांगितले. आता एका मोठ्या मंडळीत खरोखर काय घडले ते पाहू. सिंगापूर येथे १९८९ साली कॉंग ही नामक पाळकांनी सिटी हार्वेस्ट चर्च ही मंडळी स्थापिली. ती वाढत वाढत हजारो सभासदांची झाली. २००२ साली ह्या मंडळीने असा एक उपक्रम हाती घेतला की, पाळकांच्या पत्नीने लौकिक संगीत गावे, आणि जे लोक उपासनेस कधी येत नाहीत त्यांच्यापर्यंत त्या संगीताच्या द्वारे सुवार्ता पोहोचवावी. २००३ साली मंडळीच्याच एका सभासदाने जाहीरपणे असा आक्षेप घेतला की, ह्या गायनासाठी मंडळीचा पैसा वापरला जात आहे. पुढे त्याने आपले म्हणणे मागे घेऊन वर्तमानपत्रांतून क्षमा मागितली. त्यानंतर ह्या उपक्रमाचा खर्च लोकांच्या नजरेआड ठेवण्याकडे पुढाऱ्यांचा कल झाला, असे खटल्यात दिसून आले.

मंडळीचा एक इमारत निधि होता. सभासदांनी इमारतीसाठी म्हणून त्यात दान टाकले होते. ह्या निधीतून २ कोटी ४० लक्ष सिंगापुरी डॉलर दोन कंपन्यांच्या रोख्यांत गुंतविण्यात आले. त्यांतील एक कंपनी त्या गायनाचे काम पाहणारी होती. ती मंडळीपासून स्वतंत्र आहे असे दाखविले जाई, परंतु तिची सूत्रे आरोपींच्याच हाती होती. दुसरी कंपनी मंडळीच्या एका सभासदाच्या काचेच्या धंद्याची होती. कागदावर ती गुंतवणूक होती. प्रत्यक्षात तो पैसा गायनाच्या उपक्रमाकडे गेला. २००९ साली हिशेबतपासनिसाने ह्या रोख्यांविषयी प्रश्न उपस्थित केले. तेव्हा रोख्यांचे पैसे परत आले असे दाखविण्यासाठी मंडळीचेच आणखी २ कोटी ६६ लक्ष डॉलर आडवाटेने फिरवून आणण्यात आले. एक भोक बुजविण्यासाठी दुसरे भोक पाडले, अशी ही गोष्ट झाली.

२०१० साली सरकारी चौकशी सुरू झाली. २०१२ साली पाळकांसह सहा जणांवर आरोप ठेवण्यात आले. खटल्याची सुनावणी सुमारे १४० दिवस चालली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये सहाही जण दोषी ठरले. पाळकांस ८ वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दोषी ठरविण्याचा निकाल कायम ठेवला, परंतु तीनांपैकी दोन न्यायाधीशांच्या मताने शिक्षा कमी केल्या. पाळकांची शिक्षा साडेतीन वर्षांवर आली. ज्या कलमाखाली अधिक कडक शिक्षा दिली होती ते कलम धंद्याने अडत्या किंवा प्रतिनिधि असणाऱ्यांसाठी आहे, धर्मादाय संस्थेच्या पुढाऱ्यांस ते लागू होत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. सरकारने ह्यावर पुन्हा दाद मागितली; परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने त्या शिक्षा तशाच ठेवल्या.

वाचकहो, ह्या खटल्यातील जी गोष्ट आम्ही तुम्हांपुढे विशेषेकरून ठेवू इच्छितो ती ही की, वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा ठरविताना आरोपींनी स्वतःचे खिसे भरले नाहीत हे मान्य केले. आपण मंडळीच्या हिताचेच करीत आहो असे त्यांस वाटत होते, हेही मान्य केले. मंडळीचे कायमचे द्रव्यनुकसान झाले नाही, हेही ध्यानात घेतले. इतके सर्व असूनही ते दोषी ठरले! कारण कायदा एवढेच विचारत नाही की, पैसा तुझ्या घरी गेला काय? तो असेही विचारतो की, पैसा ज्या कामासाठी तुझ्या हाती दिला त्या कामास तू लावलास काय. आणि जे केलेस ते उघड केलेस, की खोट्या कागदाआड केलेस? चांगला हेतु शिक्षा हलकी करू शकतो. तो हिशेबाची जागा घेऊ शकत नाही.

ह्याच्या उलट, उघड लोभाचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेत १९९६ च्या सुमारास कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांची अनेक प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. ती पुन्हा बांधण्यास साहाय्य व्हावे म्हणून एका यहूदी संस्थेने व तिच्या सोबत्यांनी सुमारे अडीच लक्ष डॉलर तेथील एका मोठ्या बाप्तिस्त संघाचे अध्यक्ष हेन्री लायन्स ह्यांच्या हाती दिले. त्यांतील बहुतेक रक्कम जळालेल्या मंदिरांपर्यंत पोहोचलीच नाही. १९९९ साली फ्लॉरिडातील न्यायालयाने लायन्स ह्यांस चोरी व संघटित गुन्हेगारी ह्यांबद्दल दोषी ठरवून साडेपाच वर्षांची शिक्षा दिली. ज्यांनी ख्रिस्ती नसता ख्रिस्ती लोकांवर भरवसा ठेवला, त्यांच्यापुढे मंडळीचे काय नाव राहिले? आता कोणी म्हणेल की, न्यायालयात गेल्यामुळे निंदा झाली. नव्हे; निंदा पैसा वळविला त्या दिवशीच झाली. न्यायालयाने ती केवळ वाचून दाखविली.

३. आपल्या देशातील कायदा

सिंगापूर दूर आहे असे कोणी समजू नये. त्या देशाची दंडसंहिता १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या नमुन्यावर रचलेली आहे, आणि विश्वासघाताची जी ४०५ ते ४०९ ही कलमे तेथील खटल्यात चर्चिली गेली तीच आपल्या संहितेतही त्याच क्रमांकांनी होती. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत फौजदारी विश्वासघाताचा विषय कलम ३१६ मध्ये आला आहे. दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेले द्रव्य अप्रामाणिकपणे स्वतःकडे वळविणे, किंवा ते सोपविताना ठरलेल्या अटींविरुद्ध अप्रामाणिकपणे वापरणे, हा गुन्हा होय. आणि सामान्य प्रकरणी त्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

महाराष्ट्रातील मंडळ्यांस आणखी एक कायदा ठाऊक असला पाहिजे. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा अधिनियम झाला. तो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्यात देवळे, मठ व अग्यारी ह्यांबरोबर चर्चचाही स्पष्ट उल्लेख आहे. ह्या कायद्याप्रमाणे विश्वस्तव्यवस्थेची नोंदणी करावी लागते, नियमित हिशेब ठेवावे लागतात व ते तपासून घ्यावे लागतात. अयोग्य खर्च झाला असेल किंवा विश्वासघातामुळे नुकसान झाले असेल तर ते आपल्या अहवालात लिहिणे हे हिशेबतपासनिसाचे कर्तव्य आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून विश्वस्तांना जमीन किंवा इमारत विकता येत नाही. गैरवर्तन करणाऱ्या विश्वस्तास दूर करण्याचा अधिकारही आयुक्तांस आहे. आणि मंडळीच्या हिताशी संबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींस आयुक्तांची लेखी संमति घेऊन दावा लावता येतो.

पुष्कळ गावच्या मंडळ्या स्वतंत्र नोंदलेल्या नसतात. त्या एखाद्या मोठ्या मंडळीच्या, धर्मप्रांताच्या किंवा मिशनच्या विश्वस्तव्यवस्थेखाली असतात. म्हणून आपले मंदिर कोणाच्या नावे नोंदले आहे हे प्रत्येक पंचाने प्रथम विचारून घ्यावे. कोणत्या दारी जावे हे न कळल्यामुळे वर्षेच्या वर्षे फुकट जातात. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या मिळकतीविषयीचा वाद दिवाणी न्यायालयातून चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि २००५ साली असा निकाल झाला की, त्या विश्वस्तव्यवस्थेचे प्रश्न १९५० च्या अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांनी पाहावयाचे आहेत, दिवाणी न्यायालयाने नव्हे.

४. न्यायासनापुढे जावे काय?

आता अवघड प्रश्न येतो. करिंथ येथील बंधु एकमेकांवर फिर्यादी करीत होते म्हणून पौलाने त्यांस कडक शब्दांत दोष दिला. तुमच्यात निवाडा करण्याजोगा एकही शहाणा नाही काय, असे त्याने विचारले. त्यापेक्षा अन्याय व नुकसान सोसणे बरे, असे सांगितले. हे वचन दाखवून पुष्कळ ठिकाणी खरे बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्यात आले आहे. म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घेऊ.

पौल येथे कोणास सोसावयास सांगतो? ज्याचे स्वतःचे नुकसान झाले त्याला. माझ्या शेताचा बांध शेजारच्या बंधूने कोरला तर मी सोसू शकतो, क्षमा करू शकतो. ते नुकसान माझे आहे. परंतु विधवेने पेटीत टाकलेली नाणी कोणी उचलली तर ती क्षमा करण्यास मी कोण? आपल्या नुकसानीची क्षमा करणे ही प्रीति आहे. दुसऱ्याच्या नुकसानीची क्षमा आपण करून टाकणे ही प्रीति नव्हे. ती त्या विधवेवर दुसऱ्यांदा केलेली अन्यायाची गोष्ट आहे. आणि हाच पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना एकटा गेला नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक बंधु त्याने बरोबर घेतला, तो अशासाठी की ह्या दानाविषयी कोणी बोट दाखवू नये, आणि देवासमोर तसेच मनुष्यांसमोरही व्यवहार चोख असावा. स्वतःवर अन्याय होऊ लागला तेव्हा ह्याच पौलाने कैसराजवळ न्याय मागितला, हेही प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे.

तेव्हा क्रम असा असावा असे आम्हांस वाटते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे प्रथम एकांतात विचारावे. पैसा कोठे आहे, वही कोठे आहे, हे सौम्यतेने विचारावे. समाधान न झाल्यास दोघा-तिघांस घेऊन जावे व वही पाहावी. मग मंडळीच्या सभेपुढे, आणि तेथेही न निपटल्यास वरच्या मंडळापुढे, प्रकरण लेखी ठेवावे. एवढे करूनही वह्या उघडल्या जात नसतील, किंवा उघडपणे अपहार झालेला असेल, तर आयुक्तांकडे किंवा पोलिसांकडे जाणे हे पाप नव्हे. अधिकारी देवाने नेमिलेले आहेत असे रोमकरांस पत्रात आपण वाचतो. ते केवळ बाहेरच्या चोरांसाठी नेमिलेले नाहीत.

परंतु जाणाऱ्याने आपले अंतःकरणही तपासावे. वही न पाहता आरोप करणे हे खोटी साक्ष देण्याच्या जवळचे पाप आहे. गिचमिड हिशेब आणि चोरी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला नीट लिहिता येत नाही अशा भोळ्या खजिनदारास चोर म्हणू नये, त्याला शिकवावे. पंचाची जागा आपणांस मिळावी म्हणून जो फिर्याद करतो, तो पेटी वाचवीत नाही, तो पेटीवर बसू पाहतो. आणि खटल्याचा खर्च मंडळीच्याच दानातून करून दोन्ही पक्ष लढू लागले, तर दोघेही तोच अपराध करीत आहेत ज्याबद्दल ते भांडत आहेत.

५. पेटीला दोन किल्ल्या

यहोआश राजाच्या दिवसांत मंदिराच्या दुरुस्तीसाठी लोक रुपे देत होते, आणि तेविसावे वर्ष उजाडले तरी दुरुस्ती झाली नव्हती! राजाने कोणास तुरुंगात टाकले नाही. यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणास भोक पाडले व ती वेदीजवळ ठेविली. पेटी भरली म्हणजे राजाचा लेखक व मुख्य याजक दोघे मिळून रुपे मोजीत, थैल्या बांधीत व कारागिरांना देण्यासाठी कामावरील देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. पुढे असे लिहिले आहे की, त्या देखरेख करणाऱ्यांपासून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. ह्या वाक्याचा काही लोक भलताच उपयोग करतात. ते हे विसरतात की, पैसा त्या हातांत जाण्यापूर्वी दोघांनी मोजलेला होता, आणि मंदिर दुरुस्त होताना सर्व लोकांस डोळ्यांनी दिसत होते.

आमच्या मंडळ्यांस फार मोठी व्यवस्था नको. उपासना संपताच पेटी लोकांसमक्ष उघडावी. दोघांनी मोजावी, आणि ते दोघे एका घरचे नसावेत. रक्कम त्याच दिवशी वहीत शाईने लिहून दोघांनी सही करावी. प्रत्येक देणगीस पावती द्यावी व ती कशासाठी दिली हे पावतीवर लिहावे. पैसा बँकेत मंडळीच्या नावे दोन सह्यांच्या खात्यात ठेवावा. कोणाच्या खाजगी खात्यात किंवा मोबाइलच्या क्रमांकावर मंडळीचे दान घेऊ नये. छपराचा पैसा, गरिबांचा पैसा व पाळकांच्या पगाराचा पैसा ह्यांची पाने वेगळी असावी. तीन महिन्यांनी जमाखर्च सभेत मोठ्याने वाचावा, म्हणजे ज्या म्हाताऱ्या बहिणीस वाचता येत नाही तिलाही कळेल. आणि कोणी प्रश्न विचारला तर त्याला बंडखोर म्हणू नये. ज्या मंडळीत प्रश्न विचारणाऱ्यास क्षमा मागावी लागते तेथे पुढे न्यायाधीश प्रश्न विचारतो.

खजिनदार बंधूंनो, ही बंधने तुमच्यावर संशय म्हणून नाहीत. ज्याची पेटी दोघे मोजतात त्याच्यावर कोणी आळ घालू शकत नाही. ती दुसरी किल्ली तुमच्या अब्रूची राखण करते.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. एज्राने द्रव्य देताना व पोहोचल्यावर असे दोनदा का तोलले?

२. सिंगापूर येथील पुढाऱ्यांनी स्वतःसाठी पैसा घेतला नसता ते दोषी का ठरले?

३. आपल्या नुकसानीची क्षमा आणि मंडळीच्या नुकसानीची क्षमा ह्यांत काय भेद आहे?

४. आपले प्रार्थनामंदिर कोणत्या विश्वस्तव्यवस्थेत नोंदलेले आहे? हे ह्या आठवड्यात कोण विचारून येईल?

५. आपल्या मंडळीत मागचा जमाखर्च सर्वांसमक्ष केव्हा वाचला गेला? पुढचा केव्हा वाचावयाचा, ती तारीख आजच ठरवा.